तीस बाय चाळीसमधला सीमाप्रश्न

३० बाय ४०च्या साइटचा कर्ण बरोबर ५० फूट भरतो. शाळेतलं गणित आहे, सरकार कुठलंही येवो, त्यात बदल होत नाही. हॅम रेडिओवाल्यांच्या (हौशी बिनतारी संदेशवाल्यांच्या) ४० मीटर बँडचा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली आडवी अँटेना-तार, मात्र ६६ फूट मागतो. म्हणजे टिळकवाडीतली गच्ची अगदी कंपाउंडला भिडलेली धरली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तार ताणली, तरी दोन्ही टोकं आठ-आठ फूट शेजाऱ्याच्या हद्दीत जातात. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे बेळगावकराला समजावून सांगावं लागत नाही. हा प्रश्न दिल्लीला नेता येत नाही, कंपाउंडवरच मिटवावा लागतो, एवढाच फरक.

मग कुणीतरी सुचवतं, आडवी कशाला, तार उभीच करा की! ४० मीटर बँडवर, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला, पाव तरंगलांबी साधारण १० मीटर. एक बांबू, त्याला बांधलेली एक तार. जागा किती, तर तुळशीवृंदावनाएवढी. सगळे इथेच फसतात. उभी तार हा अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा जमिनीत असतो आणि तो आपणच घालायचा असतो. घराच्या अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा त्याच्या कामाचा नाही, तो शॉक बसू नये म्हणून. रेडिओचा करंट खोल उतरत नाही, तारेच्या बुडापासून चहूकडे वरच्यावर पसरतो. त्याच्यासाठी तांब्याच्या तारांच्या पायघड्या घालाव्या लागतात, त्यांना म्हणायचं रेडियल. १० मीटरचे १६ रेडियल म्हणजे १६० मीटर तार. वायरिंगचं बंडल ९० मीटरचं येतं. डायपोल त्याच्या पाव भागात झाला असता, इथे दुसरं बंडल फोडायचं. गणपत गल्लीतला दुकानदार ‘किती खोल्यांचं घर?’ म्हणून विचारणारच.

तीच १६० मीटर तार पाच-पाच मीटरच्या ३२ तुकड्यांत पसरली तरी चालते. जमिनीवर टाकलेले रेडियल टेप लावून कापायची गरज नसते, कारण माती त्यांना बेसूर करूनच टाकते. तारेचा हिशेब ठरलेला असेल, तर थोड्या लांबलचक तुकड्यांपेक्षा पुष्कळ आखूड तुकडे बरे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही इथे निंदा नाही, चक्क नियम आहे. गच्चीवर हवेत टांगले तर दोन ते चार रेडियल पुरतात, पण ते मापात हवेत, म्हणजे प्रत्येकी ३३ फूट. गच्चीच्या मधोमधून कोपरा किती लांब? २५ फूट. सीमाप्रश्न पुन्हा दारात.

त्यातून जमीन कुठली, हेही बघायचं. बेळगाव-खानापूरकडे तांबडी माती आणि खाली जांभा. ही जमीन करंट वाहायला कंजूष, आणि खुंटी ठोकायला गेलं की खुंटीच वाकते. अथणीकडचं काळं रान ओल धरून ठेवतं, तिथे उभी तार सुखी. म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत.

खरी मजा एसडब्ल्यूआरची, म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याची; १.० म्हणजे पूर्ण जुळणी. उत्तम जमिनीवर उभ्या तारेचा रोध ३६ ओहमच्या आसपास, आणि कोॲक्स, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल, ५० ओहमची. म्हणजे काम चोख झालं तर मीटरवर १.४ दिसायला हवं. आळस करून चारच रेडियल टाकले आणि जमिनीने पदरचे १४ ओहम घातले, तर बेरीज बरोबर ५०. मीटर १.०, मालक मिशीला पीळ देतोय, आणि १०० वॅटांतले २८ वॅट गांडुळं शेकताहेत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पुढे कुणी इमानदारीने आणखी रेडियल पुरले की आकडा बिघडतो, आणि तो बिचारा पुरलेले उपटायला घेतो. डमी लोडचाही, म्हणजे चाचणीपुरत्या अँटेनाऐवजी लावायच्या नुसत्या रोधाचाही, एसडब्ल्यूआर १.० असतो. त्यावरून अजून कुणी धारवाडशीसुद्धा बोललेलं नाही.

बरं, एवढं करून ऐकू काय येतं? आडवी तार जमिनीपासून आठ-दहा मीटरवर असली, की ४० मीटर बँडवर ती लहरी कारंज्यासारख्या वर फेकते आणि सगळं शे-पाचशे किलोमीटरच्या आत पडतं. भर दिवसा हुबळी, कोल्हापूर, पुणे खणखणीत. उभी तार क्षितिजालगत फेकते, म्हणून रात्री लांबच्या मुलखाला ती बरी; कोल्हापूर मात्र तिच्यावर कुजबुजतं. शिवाय गल्लीतले एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर ती जास्त प्रेमाने गोळा करते. आडव्या तारेची दिशा कुठली ठेवायची, यावर लोक वास्तुशास्त्राच्या आवेशात भांडतात. एवढ्या कमी उंचीवर ४० मीटर बँडला दिशेने फारसं काही बिघडत नाही. २० मीटर बँडला बिघडतं. तिथे युरोप हवा असेल तर तार ईशान्य-नैऋत्य धरा.

माझं मत आडव्याच्या बाजूने. सोळा फुटांचा तंटा असा मिटतो: दोन्ही टोकांचे आठ-आठ फूट सरळ खाली सोडायचे. करंटचा जोर मध्यावर असतो, टोकं वाकवली तरी फार नुकसान नाही. पण व्होल्टेज टोकांवरच चढतं, १०० वॅटला सहज शेकड्यांत, म्हणून ती हाताला लागता कामा नयेत. कोपऱ्यातले बांबू १८ फुटी घेतले की टोक १० फुटांवर राहतं. (“काय करूलास रे वर, केबल काय?” हा प्रश्न खालून येणारच, हो म्हणायचं.) बांबू आडवा पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचता कामा नये, ही अट मोडायची नाही. मध्यावर कोॲक्सचे दहा-बारा वेढे पीव्हीसी पाइपवर घाला, नाहीतर माइक ओठाला चटका देतो. मधला जोड टेपने गच्च बांधा. इथला पाऊस कोॲक्समध्ये शिरला की बाहेर येत नाही. वळवाचे ढग गडगडायला लागले की कोॲक्स काढून घराबाहेर ठेवायची, रेडिओला लावलेली नको.

प्रत्येक बाजू १०.३ मीटर ठेवून सुरुवात करा. एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी ६.९ मेगाहर्ट्झला दिसला, तर १०.३ गुणिले ६.९ भागिले ७.१, म्हणजे सुमारे १० मीटर. फरक ३० सेंटिमीटर. तो कापू नका, मागे दुमडून बांधा.

दहा फूट उंची मात्र आपल्याकडच्या बायकांना उंची वाटत नाही. दांडीवर काठीने कपडे टाकायचा त्यांचा हात पिढ्यांचा. शेजारच्या अक्कांनी लोंबत्या टोकावर ओली चादर टाकली की रेझोनन्स, म्हणजे तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती, खाली घसरतो. बटण दाबायच्या आधी एकदा मीटर बघावा. सराव झाला की चादर सिंगल आहे की डबल, तेही कळतं.