खून नाटकात झाला, तर तपास विंगेतलाच माणूस करणार

आज संध्याकाळी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका मित्राच्या घरी नव्या नाटकाचं वाचन होतं. यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी. रहस्यनाट्य आहे. प्रयोग चालू असताना नटाचा खून होतो आणि प्रेक्षकांत बसलेली एक प्राध्यापिका तो उलगडते. घरी आले, पण जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

त्या अख्ख्या संहितेत बॅकस्टेजचा एकच माणूस आहे. गण्या. चहा आणतो, दारू पिऊन झिंगतो, दोनदा धडपडतो आणि लोकांनी हसावं म्हणून पोलिसाचा मार खातो. संपला गण्या. अहो, कुठला नट कुठल्या विंगेतून, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशातून, जाणार, कुणाचा चष्मा कुठल्या खिशात आहे, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं ज्याला पाठ, त्याला काही कळलं नाही आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईंना सगळं कळलं?

मी कपडेपट सांभाळायचे तेव्हाची गोष्ट सांगते. आमच्याकडे प्रॉपर्टीला, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळायला, एक मामा होते. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्याचं काम करणारा नट औषधाच्या तपकिरी बाटलीतून घोट घ्यायचा. आत कोरा चहा. मामा त्या बाटलीच्या गळ्याला पांढरा दोरा बांधून ठेवायचे. स्पर्धेच्या प्रयोगाला मध्यंतरात ते टेबल लावायला गेले आणि थांबले. बाटली तीच, जागा तीच, पण दोरा नाही. बूच काढून वास घेतला. स्पिरिट. दाढी-मिशीचा गम काढायचं. घोट गेला असता तर काय झालं असतं ते आजही मनात आणवत नाही.

मामांनी आरडाओरडा केला नाही. बाटली उजेडात धरली. काचेला खोट्या दाढीचा एक केस चिकटला होता. मला हळूच म्हणाले, "ताई, आत्ता दाढी कोण उतरवणार? सगळ्यांची अजून लावलेलीच हाय की." खरंच होतं. पहिल्या अंकात ज्याचं पात्र मरतं, त्या एकाच पोराचं काम संपलं होतं. त्याने गम पुसला, घाईत बाटली प्रॉपर्टीच्या टेबलावर ठेवली आणि आमची उचलून नेली. मामा मेकअप रूममध्ये गेले, "पोरा, आपली बाटली दे" एवढंच म्हणाले. तिसरी घंटा वेळेवर झाली. परीक्षकांना पत्ता नाही.

तपास म्हणतात तो हाच ना? दोरा, वास, केस, आणि कुणाचं काम कधी संपतं याची माहिती. यातली शेवटची गोष्ट तिसऱ्या रांगेत बसून कळत नाही.

आणि तो ब्लॅकआउट! म्हणे अंधार होतो, किंकाळी येते, उजेड होतो तर मुडदा पडलेला. कुणीच काही बघितलेलं नाही. अरे, ब्लॅकआउटमध्ये प्रेक्षकाला दिसत नाही, आतल्या माणसांना दिसतं. त्यांचे डोळे विंगेतल्या अंधाराला सरावलेले असतात. खाली रेडियमच्या पट्ट्या लावलेल्या असतात. दोघं सोफा फिरवत असतात, एक जण टेबल उचलत असतो, मी नटीच्या खांद्यावर शाल टाकत असते. स्टेजवर सगळ्यात जास्त धावपळ त्याच काही सेकंदांत असते. खून करायला ती वेळ निवडणारा माणूस नाटकातला असूच शकत नाही. मामांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं, खुनी बाहेरचा आहे. संहितेत खुनी कोण निघतो? आयुष्य स्टेजवर काढलेला नट! नट वाक्य विसरला की आतून सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या वहीत कोण कुठल्या वाक्याला कुठे होतं हे सगळं लिहिलेलं असतं, ती वहीसुद्धा कुणी उघडत नाही.

बाहेरच्या माणसाच्या नजरेने प्रेक्षकाला आतली दुनिया दाखवता येते, हे मान्य. न्यूझीलंडच्या रहस्यकथा लेखिका नायो मार्श यांनीही नाट्यगृहातल्या खुनांचा तपास पोलिसाकडेच दिला. पण त्या स्वतः नाटकं बसवायच्या. विंगेत वावरलेली बाई होती ती.

आणखी एक. त्या प्राध्यापिकेच्या तोंडी वाक्य आहे, की हे नाट्यगृह एकदा जळालंय, ही वास्तूच शापित आहे. त्यावर टाळ्या पडल्या. कोल्हापुरात! ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र विसरलात होय रे? दुसऱ्या दिवशी संगीत नाटकांतले थोर गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती होती आणि त्यांच्याच नावाचं नाट्यगृह डोळ्यांसमोर जळत होतं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं. लोक रस्त्यात उभे राहून रडले. ते वाक्य काढून टाका. यावर मी वाद घालणार नाही.

मामा आता नाहीत. त्यांचं नाव कुठल्याही प्रमाणपत्रावर नाही, कारण प्रॉपर्टीला बक्षीस नसतं. त्यांना नाटकातलं कोणी गण्या म्हणून रंगवलं की मला सहन होत नाही. आज सगळ्यांसमोर बोलताना माझा आवाज चढला तो त्यामुळे.

लिहिणारा पोरगा गुणी आहे. संवाद छान आहेत, पहिला अंक तर बांधून ठेवतो. त्यालाच सांगते. बाळा, प्राध्यापिका राहू दे, पण दुसरा अंक परत लिही आणि तपास गण्याच्या हातात दे. त्याची दारू काढ. प्रॉपर्टीचं टेबल कसं लावतात, ब्लॅकआउटमध्ये कोण कुठे उभं असतं हे बघायचं असेल तर आमच्या तालमीला ये. रोज रात्री आठनंतर असते मी. विंगेत बस, कुणी उठवणार नाही.