फुकटची बस, विकतची अल्टो

11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास सुरू झाला आणि नेमकी त्याच वर्षी मला गाडी घ्यायची हुक्की आली. आमच्या घरच्यांच्या मते याहून उलट्या डोक्याची बाई अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात नसेल. राहायला शहापूर, नोकरी खानापूर, मध्ये पंचवीसेक किलोमीटर. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट हातात ठेवतो, आणि मग पिरनवाडीपासून पुढं एका पायावर उभं राहायचं, कारण दुसरा पाय कुणाच्या तरी बुट्टीवर नाहीतर कुणाच्या तरी लेकरावर पडणार. फुकट झाल्या झाल्या सगळ्या बायकांना एकदम माहेर आठवलं, ज्यांना माहेर नाही त्यांना सौंदत्तीची यल्लम्मा आठवली. चांगलंच झालं की, बायका घराबाहेर पडल्या, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. फक्त त्या सगळ्या माझ्याच बसमध्ये चढल्या एवढंच.

बाबा म्हणाले, "सरकार फुकट नेऊलालंय आणि तू पैसे घालून जाणार?"

मी म्हटलं, "होय."

"बरं की. जा."

आमच्यात "बरं की" म्हणजे परवानगी नसते, नंतर बघून घेतो असा त्याचा अर्थ असतो.

बजेट दीड लाख, त्यात कागदपत्रं, इन्शुरन्स, पहिली सर्व्हिसिंग सगळं बसवायचं. म्हणजे गाडी सव्वा लाखाच्या आतली. एवढ्यात काय येतं? म्हातारी अल्टो, म्हातारी वॅगन आर, म्हातारी सँट्रो आणि एखादी ऑम्नी जिच्यात आधी शाळेची पोरं आणि नंतर कोथिंबीर वाहिलेली असते. आमचा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, यूट्यूब बघून बघून गाड्यांतला डॉक्टर झालेला. लायसन नाही. तर हे आमचं शिष्टमंडळ: बाबा, ज्यांनी आयुष्यभर बजाज एम80 चालवली, भाऊ, ज्याने काहीच चालवलं नाही, आणि मी, जिच्याशी कुणी बोलतच नाही. खरंच सांगते, गाडी मला घ्यायची, पैसे माझे, आणि प्रत्येक ठिकाणी विकणारा माझ्या भावाकडे तोंड करून सांगायचा, "लेडीज यूज गाडी आहे दादा, एकदम जपून वापरलेली." अरे बाबा, लेडीज इथं उभी आहे, तिला सांग की!

पहिला वाद नंबर प्लेटचा. एमएच 09 घ्यायची की केए 22? कोल्हापूरकडच्या गाड्या बघितल्या की दहा-वीस हजारांनी स्वस्त वाटतात, शिनोळीपर्यंत गेलं तरी एमएच 09 चालू होतंय, आपल्या दारापासून अर्ध्या तासावर. खरं ती इकडं आणून कायमची ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र काढा, 12 महिन्यांच्या आत इथला नंबर घ्या, आणि इथला लाइफटाइम टॅक्स भरा. म्हणजे स्वस्तात घेतलेली गाडी सीमा ओलांडली की महाग होते. आता आमचे बाबा म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारा माणूस, सायकल फेरीत दंडाला काळी पट्टी बांधून पुढं. मला वाटलं हे एमएचच म्हणणार. तर बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "केए 22च बघ. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, तो बघतील ते. गाडीची एनओसी आपल्याला काढायला लागणार."

तरीपण एक एमएच 09 वॅगन आर बघायला गेलोच कारण भावाने फोटो बघून ठरवलंच होतं. पांढरी शुभ्र, सीट कव्हर नवीन, किंमत ऐकून माझ्याच मनात पाप आलं. दार उघडलं तर आत चंदनाचा घमघमाट. डॅशबोर्डवर अगरबत्तीचं घर, दोन पर्फ्यूम लटकवलेले, मागच्या सीटखाली डांबरगोळ्या. बाबा हात जोडायच्या बेतात होते. विकणारा म्हणाला, "देवभक्त माणसाची गाडी ताई, काय बी काळजी करू नका." (इथं मात्र मला ताई म्हणाला, कारण भावाने आधीच बॉनेट उघडून तोंड आत घातलेलं.)

मी आपली ड्रायव्हर सीटवर बसून सीट बेल्ट ओढला, आणि सवयीने नाही, रागाने, पार शेवटपर्यंत ओढला. बेल्टचा वरचा भाग काळा. मग एक आडवी रेघ. रेघेच्या पुढं बेल्टचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. मागं जाऊन स्टेपनीच्या खड्ड्यातलं कार्पेट उचललं तर कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ, नदीकाठचा असतो तसला, बोटाला मऊ लागणारा. ऑगस्ट 2019 चा पूर आठवतोय ना, पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलेलं आणि कितीतरी दिवस बेळगाव-कोल्हापूर रस्ता बंद? ही गाडी तेव्हा पोहलेली. पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन पुसून चालूसुद्धा होते, त्रास नंतर सुरू होतो, वायरिंगचे जोड आतून गंजतात, आज काच खाली जात नाही, उद्या हॉर्न आपोआप वाजतो, परवा काहीच होत नाही.

"ही रेघ कसली?" मी विचारलं.

"डिझाइन आहे ताई."

बाबांनी जोडायला उचललेले हात खिशात घातले.

दुसरी पण वॅगन आरच, बेळगावातलीच, डॉक्टरांची. जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या असतात, एवढे डॉक्टर खरंच असते तर दवाखान्यात टोकन घेऊन तीन तास बसायला लागलं नसतं. मीटरवर 38 हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचं रबर घासून तुळतुळीत. डॉक्टर बहुतेक गाडी जागेवरच उभी करून क्लच मारत असावेत. शिवाय ती जुनी वॅगन आर 1061 सीसीची, आणि थर्ड पार्टी इन्शुरन्सचा दर 1000 सीसीच्या पुढं चढतो. 2022 साली ठरलेल्या दराने 1000 सीसीच्या आत 2094 रुपये, त्याच्या वर 1500 पर्यंत 3416, कुठल्याही कंपनीत जा, तेवढेच. बाबांनी पेपरच्या कडेला वजाबाकी केली, "61 सीसीला दरवर्षी 1322 रुपये? कशाला?" तिथंच ती गाडी बाद. पेडल बघून नाही, वजाबाकी बघून.

शेवटी मिळाली ती 2011 ची अल्टो, केए 22, 796 सीसी, टिळकवाडीतल्या एका रिटायर्ड सरांची. उद्यमबागेतले ओळखीचे मिस्त्री आले, इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढलं, धूर बघितला, दारांवर बोटाने टकटक करून पुट्टी कुठं आहे ते ऐकलं, चेसीस नंबर आरसीशी ताडून बघितला आणि म्हणाले, "म्हातारी आहे खरं निरोगी आहे." 1 लाख 15 हजारांना ठरली. सरांनी कुंद्याचा डबा दिला, सगळ्या बिलांची फाईल दिली, आणि जाताना प्रेमाने म्हणाले, "कधी क्लेम केला नाही म्हणून हप्त्यात सूट, माझा 50 टक्के नो क्लेम बोनस आहे बाळ, तो पण तुलाच."

इथून इन्शुरन्सचं पुराण सुरू.

एजंट घरी आला, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलणारा गोड माणूस. म्हणाला, "मॅडमरी, बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. सरांचा बोनस सरांबरोबर गेला." मी म्हटलं, मी पण आयुष्यात कुणाकडं काही क्लेम केलेला नाही, माझा बोनस कुठं आहे? तो हसला. माझ्या नावावर शून्य. झिरो डेप, म्हणजे पार्टची झीज न कापता भरपाई, मागितलं तर एवढ्या जुन्या गाडीला देत नाहीत, ते पण शून्य. मग मुख्य प्रश्न, नुसती थर्ड पार्टी की ज्याला सगळे फर्स्ट पार्टी म्हणतात ती? बाबांना पार्ट्यांचा हिशोब लागेना, म्हणून त्याने सुपारीची खांडं मांडून दाखवलं: हे तुम्ही, ही कंपनी, आणि ज्याला तुम्ही धडकणार तो थर्ड. थर्डचं भरून देणं कायद्याने सक्तीचं, तुमचं स्वतःचं ऐच्छिक. बाबा म्हणाले, "म्हणजे ज्याला आम्ही ओळखत नाही त्याची सोय आधी?" ऐकायला वाईट, खरं बरोबरच आहे की ते.

मी हट्टाने दोन्ही घेतलं. कागदावर गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही पडली 80 हजार, 1 लाख 15 हजार मोजून आठवडा झाला नव्हता. आणि मालक-चालकाचा अपघाती विमा 15 लाख. भाऊ म्हणाला, "अक्का, गाडीपेक्षा तुझी आयडीव्ही चांगली आहे." आईने त्याला लाटणं दाखवलं, असलं दिवेलागणीला बोलू नये म्हणून.

मग पत्त्याचा घोळ. आरसी 2011 ची, तिच्यावर गावाचं नाव बेलगाम. माझ्या आधारवर बेळगावी, कारण 2014 च्या 1 नोव्हेंबरला नाव बदललं (तारीख बघा, बाबांची तीच). आणि एजंटने फॉर्म भरायला विचारलं तेव्हा बाबा खुर्चीतून ताठ होऊन म्हणाले, "बेळगाव." एकच गाव, तीन नावं. एजंटने बिचाऱ्याने आधार बघून लिहिलं आणि बाबांना न दाखवता फाईल बंद केली.

शेवटी त्याने विचारलं, रोडसाइड असिस्टन्स घेता का, थोडेच पैसे, गाडी वाटेत बंद पडली तर माणूस येतो. पॉलिसीत धडकलेलं बसतं, नुसतं बंद पडलेलं बसत नाही. बाबा म्हणाले, "आपल्या भागात गाडी बंद पडली तर माणसं आपोआप येतात. त्याला पैसे देऊन बोलवायचं?" ते कट झालं. सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास बसलं.

सोमवारी कपिलेश्वराला नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि निघाले. आईने आरसी-इन्शुरन्सच्या फाईलमध्ये गुपचूप माझं आधार कार्ड घातलं. मी म्हटलं, हे कशाला? "असू दे की. बस हाय."

तिसऱ्या दिवशी देसूरच्या पुढं अल्टो थांबली. फ्यूज की फ्युएल पंप, मला काय कळतंय. बाबांचं मात्र खोटं ठरलं नाही, दोन मिनिटांत चारजण आले, ढकलून बाजूला लावली, एकाने मिस्त्रीला फोन केला, एकाने विचारलं कितीला घेतली, आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं की महाग घेतली. तेवढ्यात खानापूरची बस आली. फाईल काखेत मारून चढले, दारातच उभी राहिले, दुसऱ्या पायाला जागा नव्हतीच. कंडक्टरने आधार बघितलं, मान हलवली आणि शून्याचं तिकीट हातात ठेवलं.