‘शहरी चोचले’ म्हणणाऱ्या निनावींना

निनावी, कमेंट वाचली. दोनदा वाचली, कारण आधी वाटलं चुकून भलत्याच पोस्टखाली पडलीय. मालवणजवळच्या कर्ली खाडीत कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीवरून, जाताना सामान कोरडं कसं ठेवायचं यावर मी लिहिलं, तर तुमचं म्हणणं असं की ड्राय बॅग (पाणी आत न जाऊ देणारी पिशवी) म्हणजे एसीत बसून लिहिणाऱ्यांचे शहरी चोचले, आमचे मच्छीमार दुधाच्या पिशवीत सगळं सुकं ठेवतात, सामान कयाकला बांधलं तर उलटल्यावर माणूस दोरीत अडकेल, आणि फोन हॅचमध्ये, म्हणजे कयाकच्या झाकणाच्या कप्प्यात, नको, अंगावर हवा. मतभेद असू देत हो, पण ही भाषा कशाला?

शहरी म्हणे! माझं आजोळ देवबागचं. मामा काडेपेटी दुधाच्या पिशवीत घालून वर रबर गुंडाळून कनवटीला खोचायचा, हे बघतच मी मोठा झालो, त्यामुळे दुधाची पिशवी काय करू शकते ते मला तुम्ही शिकवायला नको. पण मामा होडीत फळीवर बसायचा, पाण्यापासून चांगला हातभर वर. सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघडी बैठक असलेल्या कयाकमध्ये तुम्ही जवळजवळ पाण्यातच बसता, स्कपरच्या, म्हणजे पाणी निघून जायला तळाला ठेवलेल्या भोकांतून पाणी वर येतं आणि बुडाखाली खेळत राहतं, हॅचचं झाकण कितीही दाबून बसवा, संध्याकाळी आत थोडंफार पाणी निघतंच. त्या पाण्यात तुमची ती पिशवी तासन् तास लोळणार, आणि गाठीच्या चुण्यांतून पाणी हळूहळू आत जाणार.

रोल-टॉपचं, म्हणजे गुंडाळून बंद करायच्या ड्राय बॅगचं तोंड सपाट धरून कमीत कमी तीन घड्या, मग बकल, हे मी मिरवायला नाही लिहिलं. बॅग गच्च भरली की तीन घड्या बसतच नाहीत, आणि घडीत वाळू राहिली की तिथूनच पाझरतं. तारकर्लीच्या वाळूत उकिडवं बसून घाईघाईत बॅग भरणाऱ्यांचं हे हमखास होतं, संध्याकाळी टॉवेल पिळत बसलेले दिसतात. म्हणून तोंड सुक्या फडक्याने पुसायचं, हवा काढायची, बंद करून दाबून बघायचं, फुस्स आवाज आला तर परत उघडायची. सगळं पोस्टमध्ये होतं, वाचलं असतंत तर.

एक मान्य करतो. खाडीच्या आतल्या आत दोन तास फिरून यायचं असेल तर बदलायच्या कपड्यांना जाड पिशव्या एकात एक घालून चालतात, त्यासाठी पैसे घालवू नका. झालं समाधान?

पण फोनला नाही. वॉटरप्रूफ आहे म्हणून बिनधास्त राहणाऱ्यांसाठी परत सांगतो, फोनवर लिहिलेलं आयपीएक्स७ हे पाण्यात टिकण्याचं मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ती टेस्ट गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी चार्जिंगच्या भोकात सुकलं की पुढचं काम मीठ करतं.

आणि बांधायचं कशाला विचारता? दुपारी खारा वारा सुटतो, तेव्हाच ओहोटीचं पाणी खाडी समुद्राला मिळते त्या संगमावरून बाहेर धावत असेल, त्यात उधाण असेल, तर दोन्ही समोरासमोर येऊन लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथे कयाक उलटली तर तुम्ही तिला धरून राहाल, पण सुटी बॅग ओहोटीबरोबर बाहेर निघाली ती निघाली, तिच्यामागे पोहत जाणार का? दोरीत अडकण्याचं म्हणाल तर लांब दोर बांधा असं मी कुठे लिहिलंय? आखूड बांधायचं, टोकं लोंबू द्यायची नाहीत, हे कोणालाही कळतं, वेगळं कशाला लिहू.

फोन अंगावर की हॅचमध्ये यावर मला वाद घालायचा नाही, शिटी लाइफ जॅकेटला लावा हे तर मी त्या पोस्टमध्ये सांगितलंच आहे. एवढं असेल तर येवा देवबागाक, तुमची पिशवी घेऊन या, माझी बॅग मी आणतो. आणि पुढची कमेंट नाव घालून टाका, निनावी असेल तर मी अप्रूव्ह करणार नाही.