हॅश किती होता, ते आधी सांगा

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. बारा वर्षांचा आहे, सांगलीत असतो, दोन वर्षं झाली बुद्धिबळाच्या क्लासला जातोय आणि यंदा पहिल्यांदा जिल्हा निवडीत खेळणार आहे. आवाज रडवेला होता. "मामा, मम्मी म्हणतेय क्लास बंद करू. तो गूगलचा मेसेज आलाय ना, त्यामुळे."

मेसेज मी पाहिला होता. ताईनेच दुपारी घरच्या ग्रुपवर टाकला होता, तिला तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी पाठवलेला. मजकूर थोडक्यात असा: गूगलच्या अल्फाझीरो या एआयला फक्त नियम सांगितले, चार तासांत त्याने माणसाचं दीड हजार वर्षांचं बुद्धिबळ शिकून टाकलं आणि जगज्जेत्या स्टॉकफिशला (हेही बुद्धिबळ खेळणारं इंजिन, म्हणजे प्रोग्राम) १०० डावांत २८-० ने धूळ चारली. स्टॉकफिश सेकंदाला ७ कोटी स्थिती तपासत होतं, अल्फाझीरो फक्त ८० हजार. आजही ते अजिंक्य आहे. तेव्हा मुलांच्या बुद्धिबळाच्या क्लासवर पैसे घालवू नका.

हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. दरवेळी कुणीतरी तो आजच घडल्यासारखा पुढे ढकलतं, आणि आता तो एका मुलाच्या क्लासच्या फीपर्यंत पोचलाय. म्हणून बसून उत्तर लिहितोय.

यातले बहुतेक आकडे एकाच ठिकाणाहून आले आहेत: डीपमाइंडने, म्हणजे गूगलच्याच कंपनीने, ५ डिसेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध. तो कुणालाही फुकट वाचता येतो. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातले आकडे उचलले आणि शेजारच्या ओळी तिथेच ठेवल्या. त्या ओळीच तर महत्त्वाच्या आहेत.

सर्वांत आधी ते २८-०. डाव १०० झाले, त्यात अल्फाझीरोने २८ जिंकले आणि ७२ बरोबरीत सुटले. त्या २८ पैकी २५ विजय पांढऱ्या सोंगट्यांनी, काळ्यांनी फक्त ३. स्टॉकफिशने एकही जिंकला नाही हेही खरं. पण समोरचं स्टॉकफिश कोणत्या अवस्थेत खेळत होतं? निबंधात लिहिलंय: ६४ थ्रेड्स (एकाच वेळी समांतर चालणारे हिशेब), १ जीबी हॅश आणि प्रत्येक खेळीला बरोबर एक मिनिट.

हॅश म्हणजे काय ते भाच्याला रविवारी लॅपटॉपवरच दाखवलं. इंजिन विचार करताना ज्या स्थिती तपासून झाल्या त्यांची नोंद स्मृतीत ठेवतं, म्हणजे तीच स्थिती दुसऱ्या वाटेने पुन्हा आली की नव्याने हिशेब करावा लागत नाही. ही त्याची कच्ची वही. सेटिंगमध्ये हॅशचा चौकोन असतो, स्टॉकफिशमध्ये तिथे मुळात १६ एमबी भरलेलं असतं. तेवढ्यावरच एक गुंतागुंतीची स्थिती विचाराला लावली. वही किती भरली ते टक्क्यांत दिसत असतं. बघता बघता १०० टक्के झालं आणि तिथेच चिकटलं. मग चौकोनात २०४८ घालून पुन्हा लावलं, तर आकडा सावकाश वर चढू लागला. भाच्याने आपणहून विचारलं, "वही भरल्यावर तो काय करतो?" जुनं खोडतो आणि वर नवं लिहितो. खोडलेलं पुन्हा लागलं की पुन्हा पहिल्यापासून हिशेब.

आता त्या सामन्याचं गणित करा. त्या काळच्या स्टॉकफिशमध्ये ३२ बाइट्समध्ये ३ नोंदी बसत, म्हणजे १ जीबीत साधारण १० कोटी. इंजिन सेकंदाला ७ कोटी स्थिती तपासतंय, एका मिनिटात ४२० कोटी. त्यातल्या बऱ्याच स्थिती पुन्हा पुन्हा येणाऱ्या धरल्या तरी वही पहिल्या काही सेकंदांतच भरणार, आणि उरलेलं मिनिट खोडण्या-लिहिण्यात जाणार. ६४ थ्रेड्सच्या मशीनला १ जीबी हॅश म्हणजे ६४ कारकुनांच्या कचेरीत मिळून एकच दुरेघी वही. स्टॉकफिशच्या मूळ कर्त्यांपैकी एक, टोर्ड रोमस्टाड यांनी तेव्हाच जाहीरपणे हे सांगितलं होतं: हॅश फार लहान, एवढ्या थ्रेड्सवर इंजिनाची पुरेशी चाचणी झालेली नाही, आणि आवृत्तीही वर्षभर जुनी.

रोमस्टाड यांचा आणखी एक मुद्दा त्या 'खेळीला एक मिनिट'बद्दल होता, आणि मला तो सगळ्यांत जास्त टोचतो. खऱ्या सामन्यात घड्याळ अख्ख्या डावाचं असतं. कुठे झटकन खेळायचं आणि कुठे दहा मिनिटं थांबायचं हे इंजिन स्वतः ठरवतं. हे ठरवण्याची अक्कल स्टॉकफिशमध्ये घालायला लोकांनी वर्षं घालवलीत. सक्तीचं एक मिनिट दिलं की ती सगळी मेहनत बाद. एक गुणाच्या आणि दहा गुणांच्या प्रश्नाला सारखाच वेळ द्यायचा असा नियम केला, तर ज्याने वेळेचं नियोजन शिकून घेतलंय त्याचंच नुकसान होतं.

जागा डीपमाइंडची, यंत्रं त्यांची, दोन्ही बाजूंच्या सेटिंग्ज त्यांनीच भरलेल्या, आणि त्या वेळी १०० पैकी फक्त १० डाव बाहेर आले. आमच्याकडे कुस्तीत मल्ल दुसऱ्या गावच्या जत्रेत जाऊन उतरतो, पंच तिसऱ्या गावचा असतो, तेव्हा गदा खांद्यावर घेऊन मिरवता येते. स्वतःच्या तालमीत, स्वतःच्या वस्तादासमोर केलेल्या कुस्तीला सराव म्हणतात.

आणि ते 'जगज्जेतं' स्टॉकफिश? इंजिनांच्या सर्वांत मानाच्या टीसीईसी स्पर्धेचा २०१६ चा हंगाम त्याने जिंकला होता. ज्या डिसेंबरात हा निबंध आला, त्याच डिसेंबरात पुढच्या हंगामाचं जेतेपद हूडिनी या दुसऱ्याच इंजिनाने नेलं.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, मनात नसलं तरी. डीपमाइंडने या टीकेनंतर काम नीट केलं. वर्षभराने, ७ डिसेंबर २०१८ ला, 'सायन्स'मध्ये त्यांचा पूर्ण निबंध आला. त्यात स्टॉकफिशला ४४ कोअर होते, ३२ जीबी हॅश होता, अंतिम टप्प्यासाठीचे सिझिजी टेबलबेस (थोड्याच सोंगट्या उरल्यावरच्या स्थितींची आधीच सोडवलेली उत्तरं) होते, आणि डावाला ३ तास व वर प्रत्येक खेळीला १५ सेकंद असं रीतसर घड्याळ होतं. डाव १०००. अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले, ८३९ बरोबरीत. वेगळ्या सामन्यांत स्टॉकफिशला ओपनिंग बुक (सुरुवातीच्या खेळ्यांची तयार यादी) दिलं, नवी आवृत्ती दिली, तरीही अल्फाझीरोच वरचढ ठरलं. 'बुक नव्हतं म्हणून हरलं' असं जे अजूनही म्हणतात त्यांनी हे वाचावं. त्या स्टॉकफिशपेक्षा अल्फाझीरो खरोखरच बळकट होतं. फसवणूक वगैरे काही झाली नाही.

पण हेच दोन निकाल शेजारी ठेवून बघा. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, म्हणजे २०१७ मध्ये गुण ६४-३६. २०१८ मध्ये हजारात ५७४.५ विरुद्ध ४२५.५, म्हणजे साडेसत्तावन्न टक्के. रेटिंगच्या भाषेत पहिला फरक सुमारे १०० एलो, दुसरा सुमारे ५०. कोअर आणि वेळ दोन्ही बदलले होते, त्यामुळे सगळा फरक हॅशवर घालता येणार नाही. तरी रीतसर मैदानात आघाडी निम्म्यावर आली, आणि 'एकही डाव हरला नाही' हेही गेलं: सहा हरले. मेसेजमध्ये २०१७ चा निकाल आहे, २०१८ चा नाही. कारण उघड आहे, २८-० ऐकायला भारी वाटतं.

'चार तास' हाही निबंधातलाच आकडा. पण ते चार तास ५,००० टीपीयूंवरचे आहेत. टीपीयू म्हणजे गूगलने अशा कामासाठी स्वतः बनवलेल्या, तेव्हा बाजारात विकत न मिळणाऱ्या चिप. स्वतःशीच डाव खेळत राहायला ५,००० आणि त्या डावांवरून शिकायला आणखी ६४. तेच काम एका चिपवर टाकलं असतं तर सव्वादोन वर्षांहून जास्त लागली असती. पूर्ण प्रशिक्षण नऊ तास चाललं, आणि त्यात ४ कोटी ४० लाख डाव झाले. रोज दहा डाव खेळणाऱ्या मुलाला तेवढे खेळायला बारा हजार वर्षं लागतील. 'चार तासांत शिकलं' ऐकून ताईच्या डोळ्यासमोर आलं ते एक दुपारभर पुस्तक घेऊन बसलेलं हुशार पोर. तसं काही नव्हतंच.

८० हजार विरुद्ध ७ कोटी हे आकडे बरोबर आहेत आणि त्यांचं मला कौतुकही आहे, कमी पाहून जास्त ओळखणं हीच त्या पद्धतीची करामत. पण यावरून 'लुकड्याने पहिलवानाला पाडलं' असं होत नाही. अल्फाझीरोच्या चार टीपीयू एकेका स्थितीमागे शेकडो कोटी आकडेमोडी करू शकत होत्या, स्टॉकफिश तेव्हा प्रत्येक स्थिती साध्या, झटपट हिशेबाने जोखत होतं. एक सराफ दागिना कसाला लावून पाहतोय, दुसरा धान्याच्या राशीवरून हात फिरवतोय. दोघांनी दिवसात किती नग पाहिले हे मोजून कुणी जास्त राबलं ते ठरत नाही. यंत्रंच वेगळ्या जातीची असली की समान साधनं म्हणजे काय, यावर इंजिनवाल्यांत आजही वाद होतात.

'आजही अजिंक्य' हे तर सरळ खोटं. अल्फाझीरो एकाही खुल्या स्पर्धेत उतरलं नाही आणि ते कुणाला वापरायलाही दिलं गेलं नाही. जे उतरतच नाही ते अजिंक्य कसं? पद्धत छापलेली होती, म्हणून २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी आपापल्या घरच्या कॉम्प्युटरांवर लीला चेस झीरो घडवलं, आणि ते टीसीईसीत उतरलं. तिथे डाव जगाला थेट दिसतात, प्रत्येक ओपनिंग दोनदा, रंग बदलून, खेळावं लागतं, आणि आपल्या इंजिनाची सेटिंग्ज कर्ते स्वतः देतात. २०१९ च्या सुरुवातीला स्टॉकफिशने लीलाला ५०.५-४९.५ असं अवघ्या एका गुणाने रोखलं, मे महिन्यात लीलाने ५३.५-४६.५ ने जिंकलं. मग सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आलं, त्यात शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, प्रोग्रामांतून आलेलं एनएनयूई हे छोटं न्यूरल नेटवर्क होतं, आणि स्टॉकफिश पुन्हा वर गेलं. बढाई मारायची असेल तर या निकालांवर मारावी. लीलाच्या माणसांनी तो हक्क कमावला, स्टॉकफिशच्यांनी तो परत मिळवला, आणि दोघांचे डाव आजही कुणीही उघडून तपासू शकतो.

आता शेवटचं वाक्य, क्लास बंद करण्याचं. याचा मला खरा राग आहे.

'माणसाचं ज्ञान निकामी झालं' हे त्या निबंधातून निघतच नाही, उलटच निघतं. माणसं सर्वाधिक खेळतात अशा बारा ओपनिंग्जचा तक्ता त्यात आहे, आणि कुणी न शिकवता अल्फाझीरो स्वतःशी खेळताना त्या सगळ्यांपर्यंत पोचलं होतं. इंग्लिश आणि क्वीन्स गॅम्बिट तर त्याला विशेष आवडू लागले होते. शतकांच्या चुकांतून माणसाने जे शोधलं, ते त्या यंत्रालाही सापडलं.

रविवारी भाच्याला त्या दहांतला एक डाव पटावर लावून दाखवला. ओपनिंग क्वीन्स इंडियन. सातव्या खेळीला पांढरा प्यादं डी५ वर ढकलतो, सरळ बळी. ही चाल यंत्राची नव्हे. १९८० मध्ये ब्युनोस आयर्सला ग्रँडमास्टर पोलुगायेव्हस्कीने ग्रँडमास्टर कोर्चनॉयविरुद्ध ती खेळली होती. पुढे पंधराव्या खेळीला पांढऱ्याचा घोडा एच६ वर शह देतो, आणि तिथेच अडकतो. एकोणिसाव्या खेळीला पांढरा त्याला वाचवत नाही, शांतपणे हत्ती ई१ वर आणतो. राजा घोडा खातो. भाचा म्हणाला, "घोडा फुकट गेला." मग पांढरा प्यादं एच४ वर ढकलतो. त्याने बराच वेळ पटाकडे पाहिलं, काळ्या राजाभोवतीच्या चौकटींवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "याला आता घरी जाताच येत नाहीये." हे त्याला दिसलं ते क्लासमध्ये गेल्या दोन वर्षांत शिकलेल्या गोष्टींमुळे.

तो निबंध आला त्याच आठवड्यात नागपूरच्या दिव्या देशमुखला बारा वर्षं पूर्ण झाली. भाच्याच्याच वयाची. 'आता शिकून काय उपयोग' असं तेव्हा तिच्या घरच्यांनी ठरवलं असतं तर? जुलै २०२५ मध्ये बाटुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. तेव्हा अकरा वर्षांचा असलेला गुकेश २०२४ मध्ये जगज्जेता झाला. ही सगळी पिढी इंजिन शेजारी ठेवूनच मोठी झाली.

ताई, हे तुझ्यासाठी लिहिलंय. संदेश ज्यांनी पाठवला त्यांनाही पुढे पाठव. मंगळवारी साडेपाचला क्लास आहे. त्याला पोलुगायेव्हस्कीचा तो मूळ डाव सरांना दाखवायचाय, खेळ्या त्याने वहीत उतरवून घेतल्या आहेत.