आवाज कोणाचा!

आमचं घर माहीमला, रुळांना लागून. गॅलरीतून हात लांब केला तर विरारच्या डब्यात लटकणाऱ्याला टाळी देता येईल, असं येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी म्हणतो. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत गाड्या धडधडतात आणि घरातल्या कुणालाही त्या ऐकू येत नाहीत. बोलता बोलता गाडी आली की आम्ही वाक्य आहे तिथे सोडतो आणि ती गेली की त्याच शब्दापासून पुढे उचलतो. फोनवरच्या माणसाला वाटतं, नेटवर्क गेलं. अशा घरातल्या एका सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला आवाज न करणारं ग्राफिक्स कार्ड (संगणकात बसून गेमची चित्रं पडद्यावर काढतं ते) हवंसं वाटावं, यावर बायकोला जे म्हणायचं होतं ते तिचं म्हणून झालेलं आहे.

पण खोट माझ्या जुन्या कार्डात होती. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड करून ते चलन खणून काढण्याचा, म्हणजे कमावण्याचा, धंदा एका दिवसात बसला. तोवर रात्रंदिवस राबलेली कार्डं पुसूनबिसून सेकंडहँड बाजारात आली. त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं. विकणारा म्हणाला, "एकहाती वापरलंय, तेसुद्धा फक्त रविवारी." सेकंडहँड गाडी जशी नेहमी डॉक्टरांचीच असते, तसं सेकंडहँड कार्ड नेहमी रविवारीच वापरलेलं असतं. हे मला ठाऊक होतं. तरी घेतलं.

वर्षभर त्याचा पंखा नुसता घोंघावला. मग एका रात्री त्यात खरखर मिसळली. आई आत तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "बेअरिंग गेलंय."

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. शंभर साच्यांच्या गोंगाटातून कुठला साचा कुरकुरतोय ते त्यांना दारातून कळायचं म्हणे. आईला तो कान वारशात मिळाला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय असं आजही तिला विचारलंत तर ती "त्याचा तो खेळातला पंखा" असंच सांगेल. पण तो पंखा आजारी आहे हे माझ्याआधी तिला कळलं होतं.

मी फोनवर आवाज मोजायचं अॅप घेतलं. कार्ड जोरात असताना आकडा बावन्नवर. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यात राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. म्हणजे रात्री दहानंतर मी गेम खेळायला बसलो की माझा संगणक कायदा मोडत होता. तेवढ्यात अंधेरी स्लो गेली आणि आकडा ऐंशीच्या पुढे उडाला. आई आतून म्हणाली, "आधी तो पंखा बंद कर, कान किटले."

नवीन कार्ड घ्यायचं ठरलं आणि सल्लागार म्हणून भाचा आला. वय एकोणीस, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, बोलणं सगळं आकड्यांत. मी मात्र एकच गोष्ट धरून बसलो होतो. कार्डाचा आवाज म्हणजे पंख्याचा आवाज, पंखा फिरतो उष्णतेमुळे आणि उष्णता येते वॉटमधून. आरटीएक्स ३०६० हे कार्ड खातं १७० वॉट, त्याच्या पुढच्या पिढीतलं ४०६० खातं ११५. मे महिन्यात आमच्या खोलीत आधीच तेहेतीस डिग्री असतात आणि डोक्यावरचा पंखा त्याचे पंचाहत्तर वॉट खाऊन तीच गरम हवा ढवळत असतो. त्यात वरचे पंचावन्न वॉट कशाला ओतायचे?

"पण मामा, ३०६० ला मेमरी बारा जीबी आणि ४०६० ला आठच! २०२१ च्या कार्डाला जास्त आणि २०२३ च्याला कमी? हा काय न्याय आहे?"

मुद्दा बिनतोड होता. पण माझा मॉनिटर साधा फुल एचडी, सेकंदाला पंचाहत्तर चित्रं दाखवणारा. त्याला आठ पुरतात. शिवाय माझ्या वयाला गेममधली झाडाची पानं सुटी सुटी मोजायची नसतात, रात्री पाठ न दुखता तासभर बसता आलं तरी पुष्कळ.

पुढची गंमत अशी की चिप एकच असली तरी ती बसवून कार्ड विकणारे अनेक. कुणी एक पंखा लावतो, कुणी दोन, कुणी तीन. मोठे पंखे सावकाश फिरले तरी पुरेसा वारा देतात. एकट्या छोट्याला त्यासाठी जीव तोडून किंचाळावं लागतं. म्हणून तीन पंखे, तीस सेंटिमीटर लांब, असं मी ठरवून टाकलं. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. एकतीस भरले! भाच्याने टाळी दिली. ऑर्डरचं बटण दाबणार, इतक्यात आई म्हणाली, "त्या टेपचे पहिले दोन इंच फाटलेत हं. मी वजा करते."

म्हणजे सव्वीस. दोन पंखे.

आता ऑनलाइन घेतलं असतं तर घरपोच आलं असतं, पण आवाजाची वस्तू न ऐकता कशी घ्यायची? शनिवारी ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत निघालो. आईला भाजी गल्लीत जायचं होतंच, तीही निघाली.

लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे. लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचा गव्हर्नर होता १९०३ ते १९०७, जेमतेम चार वर्षं, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी त्याचं नाव लोकांच्या तोंडून जात नाही. टिकाऊपणा म्हणतात तो हा. बाकी त्या रस्त्यावर जे काही मिळतं त्याला फार तर तीन वर्षांची वॉरंटी.

पहिल्या दुकानात विचारलं, "आवाज किती करतं?" दुकानदार म्हणाला, "पंखा आहे साहेब, आवाज तर करणारच." दुसऱ्याने आवाजाचं नाव काढताच लाइट लावून दाखवले. लाल, निळा, मग इंद्रधनुष्य. मी आवाज विचारतोय आणि हा रंग दाखवतोय! तिसऱ्याने पक्कं बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचेल असं कानाशी येऊन सांगितलं. दिवसभरात हळू आवाजात बोललेलं तेवढंच. पण बिल नाही आणि बिलावर सीरियल नंबर नाही, तर पुढे कार्ड बिघडल्यावर वॉरंटी मागायची कुठल्या तोंडाने? पुढे सरकलो.

चौथ्या दुकानातला गृहस्थ कार्ड उघड्या मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, लावून दाखवायला तयार झाला. बाहेर टेम्पोचे हॉर्न, हातगाडीवाल्याचं "ए बाजू, बाजू", समोरच्या दुकानात स्पीकरची चाचणी. आईने कोथिंबिरीची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "दार लावा. आणि तो एसी बंद करा."

काय वाटलं त्या माणसाला कोण जाणे, त्याने केला. आई कार्डाकडे वाकली.

"हे फिरतच नाहीये."

"मावशी, पन्नास-पंचावन्न डिग्रीपर्यंत पंखा बंदच राहतो. फीचर आहे ते."

"न फिरण्याचे पैसे वेगळे लावता?"

"थोडे लागतात."

आईने माझ्याकडे बघितलं. "याला फुकट जमतं."

मग त्याने चाचणीचा प्रोग्रॅम लावला. पडद्यावर केसाळ गोळा फिरायला लागला, कार्ड तापलं आणि पंखे हळूहळू सुरू झाले. आईने डोळे मिटले, डावा कान जवळ नेला, पदर सावरून धरला. पोऱ्यासुद्धा हातातला वडापाव न चावता उभा. "उजवीकडचा अडतोय," ती म्हणाली. "दुसरं काढा." मला काहीही ऐकू आलं नव्हतं. दुकानदाराने उजव्या पंख्याजवळ कान नेला, कपाळाला आठ्या घातल्या आणि एक शब्द न बोलता दुसरा खोका फोडला. तो पास झाला. तिसेक हजार मोजून, पक्कं बिल घेऊन आम्ही उठलो, तर तो आईला म्हणाला, "मावशी, जाता जाता जरा हा पॉवर सप्लाय ऐकता का? कस्टमर दोनदा परत घेऊन आलाय."

घरी कार्ड बसलं. सव्वीसात एक सेंटिमीटर उरला. चालू केलं, गेम लावला, कान टवकारले. काही नाही. मी आणि आई एकमेकांकडे बघून हसलो.

"बाबा, डास आहे," मुलगी म्हणाली. ती बारा वर्षांची.

डास नव्हता. ती म्हणाली कॉम्प्युटरमधून येतोय, बारीक, चिंऽऽ असा. मला ऐकू येईना, आईलाही नाही. वय वाढतं तसे कानांतून आधी उंच स्वर जातात. आईचा कान गिरणीचा, बेअरिंग पकडणारा, पण या पट्टीत तो बहिराच. कार्डावर तारेची वेटोळी असलेले चोक असतात. त्यांतून जाणारी वीज झपाट्याने कमीजास्त झाली की ती कंप पावतात आणि चिंचिं करतात. कॉइल व्हाइन म्हणतात त्याला. कुठल्या नगात तो किती निघेल हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. पेटी उघडेपर्यंत हापूस कसा निघतो ते तरी कुठे कळतं?

पण तो गेमच्या मेनूवरच येत होता. तिथे काढायला काहीच नाही म्हणून कार्ड रिकामटेकड्यासारखं सेकंदाला हजारभर चित्रं काढत सुटलेलं, आणि माझा मॉनिटर त्यातली दाखवणार पंचाहत्तर. सेटिंगमध्ये जाऊन पंचाहत्तरची मर्यादा घातली. "गेला डास," मुलगी म्हणाली.

मग घरात शांतता पसरली आणि खरा त्रास सुरू झाला. इतकी वर्षं मी दार लोटून बसलो की आतून घरघर यायची आणि घरच्यांना वाटायचं, ऑफिसचं काहीतरी मोठं चाललंय. आता माउसची टकटक स्वयंपाकघरापर्यंत जाते. गोळी लागल्यावर मी जे बोलतो तेही जातं. पहिल्याच रविवारी आई दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकलं. गिरणी कामगाराच्या मुलीचं गणित सोपं असतं: मशीनचा आवाज नाही म्हणजे खातं बंद.

"काम नाहीये ना? मग दळण घेऊन ये."

गव्हाचा डबा घेऊन गल्लीच्या टोकाला गेलो. पीठवाला कानाला रुमाल बांधून होता, पट्टा फटफटत होता, माझ्यापुढे चार डबे. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पाचेक मिनिटं गेली असतील. नंतर मी पुढे झालो आणि ओरडून त्याला म्हणालो, "डावीकडचं बेअरिंग बघून घ्या एकदा, कुरकुरतंय."