डबल डेकरचं रडगाणं पुरे, पायरीचं बोला

15 सप्टेंबर 2023 ला मुंबईत बेस्टची शेवटची साधी डिझेल डबल डेकर रस्त्यावरून गेली, तेव्हा अख्खं फेसबुक हळहळलं. हार, फुलं, सेल्फी, सगळं झालं. मलाही वरच्या मजल्यावरची पहिली सीट प्रियच होती. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 900 च्या आसपास असलेल्या डबल डेकर दोन कंडक्टरांचा पगार परवडेना म्हणून एकेक करून काढल्या, तेव्हा यातलं कोण बोललं होतं?

1926 साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली, 1937 ला डबल डेकर आली. पुढे तर ट्रकसारखं वेगळं तोंड असलेली ट्रेलरवाली डबल डेकरही आली. ड्रायव्हर एका खोक्यात, प्रवासी दुसऱ्यात; मागे काय चाललंय त्याला पत्ता नाही! पण प्रत्येक गाडीमागे एक हिशोब होता: या रस्त्यावर गर्दी किती, गल्ली किती रुंद.

आता थांब्यावर उभं राहा आणि बघा. एकाच नंबरची कधी 12 मीटरची इलेक्ट्रिक येते, कधी 9 मीटरची मिडी, कधी मिनी. मिनीत चढायला-उतरायला एकच दार. उतरणारा पिशवी सांभाळत खाली येतोय, चढणारा दांडा पकडून वर घुसतोय, आणि मधे कुणीतरी ‘अहो, आधी उतरू द्या’ म्हणून ओरडतंय. अशी गाडी वस्तीतल्या अरुंद रस्त्यावर, स्टेशनपर्यंतच्या फेऱ्यांना झकास. ती भरगच्च मार्गावर कशाला? कारण 2019 पासून भाडेतत्त्वावर गाड्या आल्या आणि कंत्राटात जी मिळाली ती धावू लागली. रस्ता बघून गाडी निवडायची पद्धतच गेली.

माझं मत अगदी साधं आहे. मॉडेल दहा असू देत, हरकत नाही. ब्रँड कुठला, रंग कुठला, लाल राहिला की नाही, हे आपण बसप्रेमींचे चोचले. प्रवाशाला पायरी कळते. जुन्या गाड्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या, आतली फरशी जमिनीपासून 900 मिलिमीटरच्या आसपास. सेमी लो फ्लोअरची 650. खऱ्या लो फ्लोअरची 400. गुडघे दुखणाऱ्या बाईला 900 आणि 400 मधला फरक विचारा, ती नॉस्टॅल्जियाची पोस्ट टाकणार नाही.

नव्या इलेक्ट्रिक डबल डेकरला दोन दारं आहेत, दोन जिने आहेत. हे चांगलं केलं. पण ती मोजकीच, आणि कौतुक सगळं तिचंच.

पुढच्या निविदेत आसनं किती, एसी आहे का, हे असेलच. फरशी किती उंचीवर आणि कुठल्या मार्गासाठी, हे दोन रकाने आधी भरून घ्या. आणि हो, 9 मीटरची गाडी परत लांबच्या गर्दीच्या मार्गावर दिसली की मी फोटो टाकणार आहे, नंबरासकट.