आमचं नाव घेऊन कुणाचं दार वाजवू नका

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ते लिहू की नको यात बरेच दिवस गेले. पण सोसायटीच्या ग्रुपवर अजून 'मिटलं ना आता, कशाला वाढवायचं' असंच चाललंय, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे, पुण्यात वडगाव शेरीत, तिसऱ्या मजल्यावर मणिपूरच्या तीन मुली भाड्याने राहतात. एक कॉल सेंटरला रात्रपाळी करते, एक पार्लरमध्ये आहे, तिसरी शिकतेय. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन, डिपॉझिट, सगळं रीतसर. एका रविवारी त्यांनी सुक्या माशाचं काहीतरी केलं आणि जिन्यात वास आला (माझ्या घरी सुकट भाजली की चारही मजल्यांना कळतं, मला आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही). त्या रात्री साडेदहाला गल्लीतली चार पोरं वर चढली, दारावर लाथा घातल्या आणि ओरडली, आठ दिवसांत खोली खाली करा, हा मराठी माणसाचा एरिया आहे. जाताना मुलींच्या दारातल्या चपला जिन्यावरून भिरकावल्या. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. एक निळी चप्पल माझ्या दारासमोर येऊन पडली. मी आतून भिंगातून बघत होते, कडीवर हात होता, आणि मी दार उघडलं नाही.

दार उघडलं ते मुलींच्या समोरच्या काकूंनी. वय सत्तरच्या पुढे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाहेर येऊन एकच विचारलं, "कुणाचा रे तू?" मग दुसऱ्याकडे बघून, "तुझ्या आईला ओळखते मी, थांब, फोन लावते." पोरं खाली पळाली. काकूंनी तिघींना आपल्याकडे झोपवलं आणि सकाळी त्यांच्याबरोबर चौकीत गेल्या, तेव्हा मात्र मी पण गेले. तिथे आधी 'एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) घेतो, समज देतो' असंच उत्तर मिळालं. काकू म्हणाल्या, "त्यांनी धमकी मराठी माणसाच्या नावाने दिलीये, मी मराठी आहे, मी कुणाला असं सांगितलेलं नाही, हे माझ्या जबाबात लिहून घ्या." आणि लिहून घेईपर्यंत खुर्चीतून उठल्या नाहीत.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. माझी भाची उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला असते, नर्स आहे. जुलै २०२४ च्या शेवटी इंग्लंडमध्ये साउथपोर्टला लहान मुलींची हत्या झाल्यावर हल्लेखोर कोण याबद्दल खोटी माहिती पसरली आणि ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी दंगली झाल्या, बेलफास्टमध्ये बाहेरून आलेल्या लोकांची दुकानं फोडली, जाळली. ती तेव्हा पडदे ओढून, लाईट बंद करून बसली होती, मावशी हळू बोल म्हणायची, जसं काही माझा आवाज तिकडच्या रस्त्यावर ऐकू जाणार होता. त्या शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मध्ये अजून उंच भिंती आहेत, १९९८ ला शांतता करार झाला तरी त्यातल्या कितीतरी तशाच उभ्या आहेत. एक भिंत जिथे आहे त्या गल्लीचं नाव बॉम्बे स्ट्रीट. ऑगस्ट १९६९ मध्ये ती जवळजवळ अख्खी गल्ली जाळली होती, तिथल्या कॅथलिक कुटुंबांना नेसत्या वस्त्रानिशी पळावं लागलं.

जिथे 'ही गल्ली आमची, ती तुमची' हे आधीच ठरलेलं असतं तिथे नव्याने आलेल्याला हाकलायला वेगळं काही शिकावं लागत नाही. शब्द तयार असतात, खिडकीवर दगड मारायची पद्धत तयार असते, आणि शेजाऱ्यांना दार लावून घ्यायची सवय पण तयार असते. २००९ ला बेलफास्टमध्ये रुमानियातून आलेल्या शंभरावर रोमा लोकांना घरं सोडावी लागली, एका चर्चने हॉल उघडून त्यांना रात्रभर आसरा दिला, स्थानिक लोक त्यांच्या बाजूने रस्त्यावर उभे राहिले तर त्यांच्यावरसुद्धा बाटल्या फेकल्या, आणि शेवटी त्यातले बहुतेकजण आपल्या देशात परतले. म्हणजे चांगली माणसं होती, पण उशिरा आली. जून २०२५ मध्ये तिथल्याच, उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमीना गावात घरं जाळली तेव्हा काही फिलिपिनो कुटुंबांनी दारावर झेंडे आणि 'इथे फिलिपिनो राहतात' असे कागद लावले, म्हणजे निदान आम्हाला तरी सोडा. लेकराबाळांच्या घरात रात्री असा कागद चिकटवायची वेळ येते हे वाचून मला घास गेला नव्हता.

आता कुणी म्हणेल ते तिकडचं, आपलं पुणं तसं नाही. मग ऑगस्ट २०१२ आठवा. त्याआधी जुलैत आसामात कोक्राझारला बोडो आणि मुस्लिमांमध्ये हिंसाचार झाला, त्याचे मेसेज आणि भलतेच फोटो फिरले, पुण्यात मणिपुरी पोरांना मारहाण झाली, रमझान संपला की हल्ले होणार अशी अफवा उठली आणि बंगळुरू, पुण्यातून ईशान्येची हजारो पोरं गाडीत बसून निघून गेली. सरकारला पंधरा दिवसांसाठी बल्क (एकगठ्ठा) एसएमएस बंद करायचा आदेश द्यावा लागला. मी ज्या पार्लरमध्ये जायचे तिथली आसामची मुलगी तेव्हाच गेली. मी गेले तर मालकीण म्हणाली, ती गेली गावाला. मी 'अच्छा' म्हणाले आणि दुसरीकडून आयब्रो करून आले. तिचा फोन नंबर होता माझ्याकडे, केला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये ह्याच पोरांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून चिडवत होते, केंद्राच्या गृह खात्याला राज्यांना पत्र लिहून सांगावं लागलं की हे थांबवा. आणि भाड्याच्या जाहिराती वाचा एकदा, फक्त व्हेज फॅमिली, अमुक जातीचे नको, तमुक धर्माचे नको. पहिली भिंत तिथेच बांधली जाते, आणि ती आपण बांधतो, गल्लीतली टवाळ पोरं नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने सुचवलं की यापुढे नॉर्थईस्टच्या भाडेकरूंना जागाच देऊ नका, म्हणजे कटकट नको. मी उभी राहिले, हात थरथरत होते. म्हणाले, लाथा मारणारे बाहेरचे चौघे आणि बिऱ्हाड हलवायचं ह्या तिघींनी, हे कुठलं गणित? भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे, आणि वंश, जन्मस्थान, भाषा यावरून गटागटात वैर पसरवण्यासाठी १९६ आहे, हे मी त्या आठवड्यात शोधून वाचलं, कारण चौकीत आपल्याला काही माहीत नसलं की सगळं 'समज देतो' वर जातं. शेवटी सात घरांनी सह्या केल्या, आमचे फोन नंबर मुलींना दिले, रात्री काही झालं की ११२ आणि ह्या सातांना एकाच वेळी फोन जाणार. काकू आणि मी त्या चारपैकी दोघांच्या आयांना भेटून आलो. एक रडली. दुसरीने दारातूनच परत पाठवलं.

हे सगळं करून सुद्धा शिकणारी मुलगी गेली, खराडीला मैत्रिणीकडे. तिची आई इंफाळहून रोज फोन करून रडत होती, तिला मी काय सांगणार.

मराठी माणसाच्या नावाने जर हे होणार असेल तर आधी मराठी माणसानेच जिन्यात यायला हवं. तिथे माझी ओळख चालते, माझी भाषा चालते, त्या पोरांच्या घरचे मला ओळखतात. त्या तिघींकडे यातलं एकही नव्हतं. एवढं साधं आहे हे आणि मला ते भिंगातून बघताना सुचलं नाही.

ती निळी चप्पल मी दुसऱ्या दिवशी धुवून परत द्यायला वर गेले. बेल वाजवली तर आतून "कौन?" मी म्हटलं, नीचेवाली. परत "कौन?" तिसऱ्यांदा मी माझं पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर सांगितला, तेव्हा कडी निघाली.